लिनक्ससाठी नेटवर्क कार्डाची निवड

नेटवर्क कार्ड हा संगणकाला तारेने किंवा बिनतारी पद्धतीने नेटवर्कशी जोडणारा सुटा किंवा मदरबोर्डवरच बसवलेला भाग होय. लिनक्स या मुक्त स्रोत कार्यप्रणालीवर एखादे कार्ड नीट चालेल की नाही, हे खोक्यावरील नावावरून नव्हे, तर कार्डावरील चिप आणि तिचा ड्रायव्हर यांवरून ठरते. सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली बॉस ही भारतीय प्रणाली डेबियन लिनक्सवर आधारित असल्याने तिलाही हेच लागू पडते.

ड्रायव्हर

लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलचाच भाग असतात. सुरुवातीच्या काळातील अनेक इथरनेट ड्रायव्हर नासामध्ये कार्यरत असलेल्या डोनाल्ड बेकर यांनी लिहिले. कर्नलमधील ड्रायव्हरची देखभाल कर्नलबरोबरच होते. बाहेरून बसवलेला ड्रायव्हर मात्र कर्नल अद्ययावत झाल्यावर बंद पडू शकतो.

फर्मवेअर

अनेक वाय-फाय चिपांना ड्रायव्हरखेरीज फर्मवेअरची फाइलही लागते. ती नसल्यास पेच निर्माण होतो: इंटरनेटसाठी फर्मवेअर हवे आणि फर्मवेअर मिळवण्यासाठी इंटरनेट. डेबियनने २०२३ मधील १२व्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये समाविष्ट केले. एरवी अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट तात्पुरते वापरता येते.

भरवशाच्या चिपा

तारेच्या जोडणीसाठी इंटेल (ड्रायव्हर ई१०००ई, आयजीबी) आणि रिअलटेक (आर८१६९) यांच्या चिपांना कर्नलमध्येच आधार आहे. वाय-फायसाठी इंटेलच्या चिपा, तसेच एटीएच९के ड्रायव्हरवर चालणाऱ्या अथेरॉसच्या जुन्या चिपा सोयीच्या ठरतात. ब्रॉडकॉमच्या काही वाय-फाय चिपांना वेगळा ड्रायव्हर बसवावा लागतो.

एकाच मॉडेलमधील चिप बदलू शकते. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या यूएसबी अडॅप्टरच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती. दुसऱ्या आवृत्तीत तिच्या जागी रिअलटेकची चिप आली. त्यामुळे मॉडेलसोबत आवृत्तीचा क्रमांकही पाहावा लागतो.

खरेदीपूर्वीची तपासणी

टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा ‘-एनएन’ या पर्यायासह दिल्यास आतील कार्डाची ओळख कळते. यूएसबी अडॅप्टरसाठी ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा आहे. पीसीआय कार्डाच्या ओळखीत ८०८६ हा क्रमांक इंटेलचा, तर १०ईसी हा रिअलटेकचा असतो. जुना संगणक घेताना लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून तो सुरू करून जोडणी तपासता येते. त्यासाठी हार्ड डिस्कवर काहीही बसवावे लागत नाही.