लसीकरणातील गळती
लसीकरणातील गळती : नियमित लसीकरणाच्या वेळापत्रकातील एखादी, काही किंवा सर्वच मात्रा बालकाला ठरलेल्या वयात न मिळणे, यास व्यापक अर्थाने लसीकरणातील गळती म्हणतात. काटेकोर परिभाषेत मात्र हा शब्द ज्या बालकाने लसीकरण सुरू केले पण पुरे केले नाही त्याच्यापुरताच वापरतात. पेंटाव्हॅलंट लसीची (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब जिवाणूचे आजार अशा पाच विकारांपासून संरक्षण देणाऱ्या संयुक्त लसीची) पहिली मात्रा घेणाऱ्यांपैकी शेकडा किती बालके तिसऱ्या मात्रेपर्यंत पोहोचली नाहीत, यावरून गळतीचे प्रमाण काढतात व ते दहाच्या वर गेल्यास सेवेत दोष आहे असे मानतात. ज्याला या लसीची पहिली मात्राही मिळाली नाही ते ‘शून्य मात्रा’ बालक होय. गोवराच्या साथीत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना वेळापत्रकाबाहेर दिल्या जाणाऱ्या जादा मात्रेलाही ‘शून्य मात्रा’च म्हणतात, त्यामुळे अहवाल वाचताना या दोन अर्थांत गल्लत होऊ शकते.

भारतात १९७८ साली विस्तारित लसीकरण कार्यक्रम व १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, आणि मागे राहिलेल्या बालकांना शोधण्यासाठी डिसेंबर २०१४ मध्ये मिशन इंद्रधनुष हाती घेण्यात आले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) १२ ते २३ महिने वयाच्या बालकांपैकी ६२ टक्के पूर्ण लसीकृत आढळली होती, तर पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण ७६.४ टक्क्यांवर गेले. या पाचव्या फेरीत शहरांचे प्रमाण खेड्यांपेक्षा किंचित कमी भरले, ही बाब खेडे म्हणजे मागास हा रूढ समज बाळगणाऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०२३ मध्ये भारतात सुमारे १६ लाख शून्य मात्रा बालके होती.

गळतीची कारणे सांगताना पालकांचे अज्ञान व नकार यांचा उल्लेख बहुधा आधी होतो. हा क्रम उलटा लावणे अधिक योग्य ठरेल, कारण लस नाकारणारी कुटुंबे थोडी असतात आणि कुटुंबाचा दिनक्रम व लसीकरण सत्राचा दिवस यांचा मेळ न बसल्याने मात्रा हुकलेली कुटुंबे कितीतरी अधिक असतात. सपाट प्रदेशात सुमारे ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे असा निकष आहे. तेथील आरोग्यसेविका, जिला गावात ‘सिस्टर’ किंवा ‘नर्सबाई’ म्हणतात, ठरलेल्या दिवशी लसपेटी घेऊन अंगणवाडीत येते, आणि आशा कार्यकर्ती त्या दिवसाच्या लाभार्थींची यादी, म्हणजे ‘ड्यू लिस्ट’, घेऊन घरोघर बोलावणे करते. गावात तो दिवस बहुधा महिन्यातून एकदाच येतो. त्याच दिवशी शेजारच्या गावी आठवडी बाजार असला, कापूस वेचणीची घाई असली किंवा मूल तापलेले असले, तर पुढची संधी महिन्याने मिळते.

वेळापत्रकातील सहा, दहा व चौदा आठवड्यांना बोलीत दीड, अडीच व साडेतीन महिने म्हणतात. यांपैकी पहिला टप्पा महाराष्ट्रात एका जुन्या रिवाजाशी अडतो. पहिले बाळंतपण माहेरी होते, सव्वा महिना बाळंतिणीने घराबाहेर पडू नये असा दंडक अनेक घरांत पाळतात, आणि त्यानंतर लवकरच, काही ठिकाणी तिसऱ्या वा पाचव्या महिन्यात, ती बाळासह सासरी परतते. बीसीजी (क्षयाची लस) माहेरच्या रुग्णालयात टोचलेली असते, माता व बाल संरक्षण कार्ड तिथलेच असते, आणि सासरच्या आशाच्या यादीत बाळाचे नाव तेव्हाच चढते जेव्हा कोणी ते सांगते. दोन्ही गावांच्या नोंदवह्यांत हे बाळ दुसरीकडे गेलेले दिसते आणि मधल्या काळात दीड महिन्याची मात्रा निघून जाते. कार्ड हरवले असेल तर सिस्टर रागावेल या धास्तीने आई सत्राकडे फिरकत नाही, असेही घडते.

हंगामी स्थलांतरात हाच प्रकार अधिक तीव्रतेने दिसतो. बीड, अहिल्यानगर, जालना आदी जिल्ह्यांतील ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून घेतलेल्या उचलीवर, म्हणजे आगाऊ रकमेवर, पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि साधारणतः गुढीपाडवा ते अक्षय तृतीया या काळात परततात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जात असल्याने तान्हे मूलही फडाच्या बांधावर असते, आणि टोळी पहाटेच फडात जात असल्याने सत्राच्या वेळी कोपीवर, म्हणजे पाचटाच्या वा ताडपत्रीच्या झोपडीवर, बहुधा कोणी मोठे माणूस नसते. दिवस मोडला तर खाडा, म्हणजे गैरहजेरी, पडतो आणि खाडा उचलीच्या हिशेबात जातो. टोळी एका फडावरून दुसऱ्या फडाकडे हलते, त्यामुळे कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राने एकदा मुले टिपली तरी महिन्याभराने तीच मुले तिथे सापडतील असे नाही. पालघर-ठाण्याच्या वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या आदिवासी कुटुंबांचीही स्थिती याहून फार वेगळी नसते.

ऑगस्टमध्ये गावी जन्मलेल्या बाळाचा हिशेब मांडला तर गोष्ट उघड होते. दीड महिन्याची मात्रा सप्टेंबरअखेर गावीच मिळू शकते, अडीच व साडेतीन महिन्यांच्या मात्रा फडावर हुकतात, परतताना बाळ आठ महिन्यांचे असते, आणि गोवर-रुबेला लसीच्या दुसऱ्या मात्रेचा काळ (१६ ते २४ महिने) सुरू होतो तेव्हा ते पुन्हा डिसेंबरच्या फडावर असते. तथापि एप्रिल ते सप्टेंबर हे सहा महिने राहिलेल्या मात्रा भरून काढण्यास पुरेसे आहेत. त्या सहा महिन्यांतही बाळ राहून जाते त्याचे कारण असे, की ‘स्थलांतरित’ असा शेरा मारून वहीतून बाजूला काढलेले नाव परतल्यावर आपोआप यादीत येत नाही.

शहरी गळतीचे स्वरूप निराळे आहे. दवाखाना चालत जाण्याच्या अंतरावर असतो, पण अनधिकृत वस्त्यांची घरगणती अपुरी असते, भाडेकरू कुटुंबे अकरा महिन्यांनी खोली बदलतात आणि खासगी डॉक्टरकडे घेतलेल्या लसीची नोंद सरकारी वहीत येईलच असे नसते. मुंबईत २०२२ च्या अखेरीस गोवंडीच्या परिसरातून पसरलेली आणि भिवंडी, मालेगाव येथेही आढळलेली गोवराची साथ हे अशा वस्त्यांतील साठलेल्या गळतीचे फळ होते. कोविडकाळात बंद पडलेल्या सत्रांनी त्या साठ्यात भर घातली होती.

मूल सत्रापर्यंत येऊनही लस न मिळणे, यास ‘हुकलेली संधी’ म्हणतात. बीसीजी व गोवर-रुबेला या भुकटीरूप लसी द्रावण मिसळल्यावर चार तासांत वापराव्या लागतात, तर पेंटाव्हॅलंटची उघडलेली कुपी नियम पाळून ठेवल्यास चार आठवडे चालते. साहजिकच एकाच बाळासाठी बीसीजीची अनेक मात्रांची कुपी फोडण्यास सिस्टर कचरते आणि ‘पुढच्या वेळी चार मुले जमली की देऊ’ असे सांगते. एका बाळासाठीही कुपी उघडावी असा नियम आहे, पण वाया गेलेल्या मात्रांचा जाब तिलाच द्यावा लागतो. सर्दी वा किरकोळ जुलाब असलेल्या बाळाला परत पाठवणे हेही असेच अकारण घडते, कारण सौम्य आजार हे लस टाळण्याचे कारण नाही.

पेंटाव्हॅलंटनंतर येणारा ताप व मांडीची सूज हे मात्र पालकांच्या टाळाटाळीचे खरेखुरे कारण आहे. रात्रभर रडणारे मूल घेऊन दुसऱ्या दिवशी रोजावर जाता येत नाही, आणि ताप येणे अपेक्षित आहे हे आधी न सांगितल्यास पुढच्या मात्रेला सासू आडवी येते. अशा घराची नोंद ‘नकार’ या रकान्यात होते. वास्तविक तिथे न सांगितलेल्या एका वाक्याची उणीव असते. अफवांचे उदाहरण म्हणून नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात सुरू झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेच्या वेळी व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या संदेशांचा निर्देश करता येईल. टाळाटाळीला वाजवी कारण असण्याची परंपरा तर लसीइतकीच जुनी आहे. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली देवीची लस टोचली गेली. त्यानंतरच्या काळात एका मुलाच्या दंडावरील फोडातून द्रव काढून तो दुसऱ्याला टोचण्याची रीत होती. त्यासाठी मुलाला आठवड्याभराने पुन्हा आणावे लागे, आणि मुलाचा फोड पुन्हा फोडू देण्यास आयाबाप तयार नसत.

हुकलेल्या मात्रा भरून काढण्याचे नियम सामान्य समजापेक्षा सैल आहेत. मध्ये कितीही खंड पडला तरी मात्रांची मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही. जिथे थांबली तिथून, दोन मात्रांत किमान चार आठवडे ठेवून, ती पुढे चालवतात. बीसीजी एक वर्षापर्यंतच देतात आणि पेंटाव्हॅलंटची सुरुवातही पहिल्या वाढदिवसाआधी व्हावी लागते, त्यानंतर आलेल्या बालकाला सात वर्षांपर्यंत त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील) लस देता येते. गोवर-रुबेलाच्या दोन्ही मात्रा पाच वर्षांपर्यंत देता येतात. म्हणून चौदा महिन्यांचे, एकही मात्रा न मिळालेले मूल अक्षय तृतीयेला गावी परतले, तर त्याची बीसीजी गेलेली असते, पण त्रिगुणी, पोलिओ व गोवर-रुबेला या तिन्ही लसी त्याच दिवशी, एकाच बैठकीत देता येतात.