तिसऱ्या घटकाचा मानकरी

मेंदू म्हणजे मज्जापेशी, बाकीचा सारा गोंद, असेच फार काळ मानले जाई. त्या ‘गोंदा’तल्या एका न उलगडलेल्या भागाला काहाल यांनी १९१३ साली ‘तिसरा घटक’ म्हटले. नोबेलविजेत्या गुरूंचा शब्द! पण माद्रिदमध्येच पीओ देल रीओ-ओर्तेगा यांनी रौप्य कार्बोनेटाने मेंदूचे पातळ काप रंगवले आणि १९१९ साली त्यातून एक वेगळीच पेशी दाखवून दिली : मायक्रोग्लिया. एरवी बारीक फांद्या पसरून बसलेली. इजा होताच फांद्या आखडून गोल होणारी, मेलेल्या पेशी गिळणारी. मेंदूची राखणदारच ती. ती मूळची मेंदूतली नव्हे, बाहेरून येऊन स्थिरावलेली, असेही त्यांनी सांगितले.

गुरूंशी बिनसले. १९२० साली प्रयोगशाळा सुटली. १९३६ च्या यादवीने देशही सुटला. पॅरिस, ऑक्सफर्ड, शेवटी ब्युनोस आयरिस. तिथेच १९४५ साली अंत. नोबेल नाहीच. (काहालांचे मोठेपण मान्य करूनही हे खटकते.)

२०१० साली उंदरांवरील संशोधनाने दाखवले की या पेशी गर्भाच्या पीतक-पिशवीतून मेंदूत येतात. वाढत्या मेंदूतले जादा जोड त्या छाटतात. त्यांच्यातील ट्रेम-२ जनुकात दोष असला तर अल्झायमरचा धोका वाढतो.