तेव्हा इथे काही नव्हतं

मुंबईतून उठून पुढे राहायला गेलेल्या प्रत्येक घरात एक वाक्य पिढीजात चालत येतं: "आम्ही आलो तेव्हा इथे काही नव्हतं." दादरच्या थोरल्या काकांच्या तोंडून मी ते ऐकलं, डोंबिवलीच्या आत्याकडून ऐकलं, आणि परवा बदलापूरच्या भाच्यानेही तेच ऐकवलं. त्याला तिथे फ्लॅट घेऊन अजून दहा वर्षंही झालेली नाहीत, पण सूर तोच, आणि पाठोपाठ येणारी दृश्यंही तीच: संध्याकाळनंतर काळोख, कोल्हेकुई, गुडघाभर चिखल.

काकांची गोष्ट सगळ्यांत जुनी, कारण ती त्यांच्या आजोबांची. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. मांडवी, गिरगावची दाटी फोडायला हवी, हे सरकारला तेव्हा कळलं आणि १८९८मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने दादर, माटुंगा, शीव या बाजूला रुंद रस्ते आखले, प्लॉट पाडले. गिरगावातलं बिऱ्हाड दादरला हलवलं तेव्हा भाऊबंदांनी "रानात चाललात" म्हणून निरोप दिला होता, असं काका रंगवून सांगत. आज दादरला रान म्हणणाऱ्याला लोक वेड्यात काढतील.

आत्याच्या गोष्टींत सन नसतात. तिची कालगणना वेगळी: वीज यायच्या आधी, नळ यायच्या आधी, संपाच्या वर्षी. सन मला शोधावे लागले. माझे आजोबा, म्हणजे तिचे वडील, फोर्टमधल्या एका कचेरीत कारकून होते. १९४७च्या भाडे कायद्याने जुन्या भाडेकरूंची भाडी गोठली, ते सुखावले. पण नव्या माणसाला पागडीवाचून खोली मिळेना आणि भाड्याने द्यायला नव्या चाळी बांधण्यात मालकांना रस उरला नाही. गिरगावातल्या एका खोलीत दोन भाऊ, दोघांच्या बायका आणि पाच पोरं. पागडीचे पैसे जमण्यापेक्षा रेल्वेचा पास काढणं सोपं होतं. गाडी तर १८५४ पासूनच कल्याणपर्यंत जात होती. मग डोंबिवलीला स्टेशनपासून दहा मिनिटांवर, एका बैठ्या चाळीत दोन खोल्या घेतल्या.

आत्या सांगते, पावसाळ्यात आजोबा चपला हातात घेऊन स्टेशनवर जात, नळावर पाय धूत आणि मग पिशवीतले बूट चढवत. स्टेशनजवळच्या एका दुकानदाराकडे अशा चिखलाच्या चपलांची रांगच लागलेली असे. आणखी एक गंमत ती दरवेळी सांगते. घरी कंदील, आणि समोरून विजेवर धावणारी गाडी. कल्याणपर्यंतची लोकल १९३० उजाडण्याआधीच विजेवर आली होती. त्यासाठी रेल्वेने शेजारीच, ठाकुर्लीजवळ चोळे इथे स्वतःचं वीजघर उभारलं होतं. धुराडं गावात, वीज रुळांवर आणि आत्याचा अभ्यास कंदिलावर.

सकाळी गावातली कर्ती माणसं मुंबईला जायची आणि रात्री जेवायला परत यायची. अशा गावाला लोक झोपायचं गाव म्हणून हिणवत. पण मुंबईतलं नाटक, व्याख्यान, ग्रंथालय गाठायचं तर अर्धा दिवस जाणार, म्हणून या माणसांनी ते इथेच उभं केलं. गणेश मंदिर १९२४चं. त्याच्या आवारात गावाचं सार्वजनिक आयुष्य वाढलं. पु. भा. भावे, शं. ना. नवरे इथेच राहिले. १९७० साली डोंबिवली नागरी सहकारी बँक निघाली. १९९९ साली गणेश मंदिराने गुढीपाडव्याची शोभायात्रा काढली आणि पुढे ती प्रथा गिरगावातही पोचली. ज्या गिरगावाने आजोबांना जागा दिली नव्हती, त्याला डोंबिवलीने मिरवणूक शिकवली, हे सांगताना आत्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

मधल्या काळात गाडीतून उतरणारी माणसं बदलली. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतल्या कितीतरी जणांना परत जायला गिरणीच उरली नाही. लालबाग-परळच्या खोल्या विकून लोक दिवा, डोंबिवली, कल्याण, बदलापूरकडे सरकले. आजोबा घर मोठं हवं म्हणून आले होते. हे लोक खोलीचे पैसे पोरांच्या पोटासाठी हवेत म्हणून आले. शेजारच्या उल्हासनगरात तर कोणी निवड करून आलंच नव्हतं. फाळणीनंतर सिंधमधून आलेले जवळजवळ एक लाख लोक कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकींत ठेवले गेले. १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं, तरी पत्ता सांगताना माणसं अजून 'कॅम्प नंबर चार' असंच म्हणतात.

हे सगळं मी आत्याच्या ओटीवर ऐकत असे तेव्हा तिथे एक आगरी आजी येऊन बसायची. तांदूळ, वाल आणि पावसाळ्यात काकड्या, शिराळी घेऊन ती दारावर येई. आत्या तिला मावशी म्हणे. एकदा आत्याच्या तोंडून नेहमीचं वाक्य निघालं. मावशी पाटी खाली ठेवत म्हणाली, "आमी व्हतो ना!"

मग तिने सांगितलं ते मी तोवर ऐकलेलं नव्हतं. आत्याची चाळ होती ती खालची खाचरं. पलीकडे तळं. भरतीचं पाणी ओढ्यातून कुठवर चढतं ते बांधावरच्या झाडावरून कळायचं. खाडीत रेती काढणारे डुबे खोल बुडी मारायचे, पलीकडे भिवंडीच्या बाजूला जायला होडी असायची. पहिला तुकडा गेला तो लेकीच्या लग्नापायी. मग साठच्या दशकात एमआयडीसीसाठी जमिनी संपादित झाल्या आणि भात लावणाऱ्यांची पोरं कारखान्याच्या गेटवर कामाला लागली. प्रत्येक खाचराला नाव होतं, ती एका दमात सांगून गेली. आज तिथे सगळीकडे नुसतं अमुक नगर नि तमुक नगर.

आत्या खोटं बोलत नव्हती. तिला हवं होतं त्यातलं, म्हणजे दिवे, दुकान, डॉक्टर, तिथे खरंच काही नव्हतं. पण आपल्याला नको असलेलं तिच्या हिशेबात आलंच नव्हतं. अंबरनाथला तर वालधुनी नदीच्या काठी १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं शिवमंदिर उभं आहे. तिथे राहायला गेलेल्या माझ्या एका मैत्रिणीनेही मला ऐकवलंच, "आम्ही आलो तेव्हा इथे काही नव्हतं गं."

या विसरण्याची किंमत पाणी वसूल करतं. २६ जुलै २००५ला मुंबईबरोबर कल्याण, बदलापूरही बुडालं. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये उल्हास नदीच्या पुरात अडकली. हजाराच्या वर प्रवासी होड्यांतून बाहेर काढावे लागले. मोकळी जागा मोकळी होती ती नदीला पसरायला लागते म्हणून. नकाशावर ती रिकामी दिसते, गावातल्या म्हाताऱ्याला ती भरलेली आठवते.

म्हणून भाच्याला मी म्हटलं, फ्लॅट घेतलास, छान केलंस. कर्ज, कार्पेट एरिया, स्टेशनचं अंतर, सगळं पाहिलंस. आता गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचार, पाणी कुठवर येतं. तो हसला, पण गेला. सोसायटीच्या मागे भातशेती असलेल्या एका आजोबांना तो घेऊन आला. त्यांनी पार्किंगमधल्या खांबाशी उभं राहून छातीजवळ हात धरला. मीटर रूम नेमकी त्याच उंचीवर होती. आता मीटर पहिल्या मजल्यावर हलवायचे ठरले आहेत. खर्च तळमजल्यावाल्यांनी द्यायचा की सगळ्यांनी, यावर दर सभेत कडाक्याचं भांडण होतं, आणि कोणीही सभा सोडून जात नाही. आत्याला हे कळवलं तेव्हा ती म्हणाली, मग हरकत नाही, रुजताहेत पोरं.