मॉरिशसमधील स्थलनामांचे थर

मॉरिशस बेट ज्वालामुखीच्या उद्रेकांतून घडले; सह्याद्रीप्रमाणे त्याचाही खडक बेसाल्टच. या खडकावर नावांचेही थर साचले आहेत. डचांनी १५९८ साली त्यास राजपुत्र मॉरिसचे नाव दिले, पुढे ऊस आणला व १७१० मध्ये ते निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेऊन त्याचे 'ईल द फ्रान्स' केले. इंग्रजांनी १८१० साली बेट जिंकून डच नाव परत आणले; परंतु शरणागतीच्या करारात रहिवाशांचे धर्म, कायदे व रूढी राखण्याची हमी होती. यामुळे दीड शतकाच्या इंग्रजी अमलानंतरही क्युरपिप, बो बासें ही नावे फ्रेंचच राहिली. लोकभाषा झाली ती क्रिओल, मुख्यतः आफ्रिका व मादागास्करमधून आणलेल्या गुलामांच्या तोंडी घडलेली.

१८३४ पासून सुमारे साडेचार लाख हिंदी करारबद्ध मजूर येथे उतरले. मुंबईमार्गे गेलेले कोकणातील मराठी लोकही त्यांत होते. मळ्यांतील धोंडे वेचून मजुरांनी रचलेले ढीग उसात अद्याप उभे आहेत. त्या ढिगांवर कोणाचे नाव नाही. नावे मळेवाल्यांची लागली, हे नकाशा वाचणाऱ्याने विसरू नये. मजुरांच्या वंशजांनी ज्वालामुखीच्या मुखातील 'ग्रां बासें' या सरोवरास 'गंगा तलाव' म्हटले. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्याच्या सोळा पायऱ्या चढून मजूर बेटावर येत, त्याचे नाव 'कुली घाट' असे होते. १९८७ मध्ये त्यातील 'कुली' हा हिणकस शब्द काढून 'आप्रवासी' घातला गेला. 'घाट' तसाच ठेवला.