पेटी आधीच उघडली होती

५ मे २०२४, रविवार. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा दिवस.

सकाळी ७:०० : लातूर. खोल्या-खोल्यांतून, मेसमधून मुलं बाहेर पडताहेत. पोह्यांचा घास घशाखाली उतरत नाही. दहावीनंतरची दोन वर्षं, रिपीटरांची तीन, टेस्ट सिरीज आणि रँकच्या यादीत गेली. देशभरातून २४ लाखांवर मुलांनी अर्ज भरलेत. एमबीबीएसच्या जागा सुमारे १ लाख ८ हजार.

८:०२ : हजारीबाग, झारखंड. सीबीआयच्या तपासातून सर्वोच्च न्यायालयापुढे आलेली ही वेळ. एका शाळेतल्या प्रश्नपत्रिकांच्या खोलीत एक माणूस शिरतो. बंद पेटी उघडतो, पेपरचे फोटो काढतो.

९:२३ : तो बाहेर पडतो. अवघी ८१ मिनिटं. प्रश्न वाटून घेऊन सोडवणारी टोळी तयारच असते.

११:०० : केंद्रांची फाटकं उघडतात. अर्ध्या बाह्या, साधी चप्पल, पारदर्शक बाटली. दागिना चालत नाही. कुठल्याशा फाटकाबाहेर आई लेकीच्या कानातलं काढू लागते, फिरकी अडकते. लेकीचे हात भर उन्हात गार पडलेले. त्याच सुमारास पैसे मोजलेली मुलं तयार उत्तरं पाठ करून केंद्राकडे निघालेली असतात.

१:३० : फाटक बंद. धावत आलेल्यालाही आता प्रवेश नाही. दोन वर्षांचा हिशेब मिनिटावर आला.

२:०० : पेपर सुरू. २०० मिनिटांत १८० प्रश्न सोडवायचे. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा.

५:२० : पेपर संपला. बाहेर आलेल्या मुलांना पहिला प्रश्न : ‘किती येतील?’

४ जून : निकाल. २०२३ मध्ये पैकीच्या पैकी गुण दोघांना होते. या वेळी ६७ जणांना. भरघोस गुण मिळवलेली मुलं रँक पाहून सुन्न होतात. चुकलं कुठे, हे त्यांना कळत नाही, कारण त्यांचं काही चुकलेलंच नाही.

२३ जुलै : पेपर हजारीबाग आणि पाटण्यात फुटला, हे सर्वोच्च न्यायालय मान्य करतं. लाभार्थी १५५ दिसतात, देशभर फुटल्याचा पुरावा नाही, म्हणून फेरपरीक्षा नाही.

न्यायालयाने पुरावा पाहिला. पण जी मुलं त्या अडीच महिन्यांत ना पुस्तक मिटू शकली, ना उघडू शकली, त्यांच्या झोपेची नोंद कुठल्याच कागदावर नाही. एका दुपारवर अख्खं आयुष्य टांगलं की त्या दुपारला बाजारात किंमत येते. चोर ती वसूल करतो आणि ताण मुलं सोसतात. परीक्षा टप्प्याटप्प्यांत घ्या, असं या पेपरफुटीनंतर नेमलेल्या राधाकृष्णन समितीनेही सुचवलं.

४ मे २०२५ रोजी नीट पुन्हा झाली. एकच दिवस, एकच पेपर.