स्फटिकातल्या उणिवेचा माग

कल्याण, डोंबिवली, ठाण्याकडून पवईच्या आयआयटीत जायचं तर लोकलमधून कांजूरमार्गला उतरायचं. पदार्थविज्ञानाच्या अनेक संशोधकांनी ही वाट तुडवली, ती चिमूटभर पूड तपासून घेण्यासाठी. एकेका महाविद्यालयाला न परवडणारी यंत्रं शुल्क भरून वापरता यावीत, म्हणून १९७६ साली तिथे प्रादेशिक उपकरण केंद्र निघालं. इलेक्ट्रॉन स्पिन रेझोनन्स, म्हणजे ‘ईएसआर’, ही तिथली एक सोय.

हे तंत्र जन्मलं सोव्हिएत संघात. १९४४ मध्ये कझानला येवगेनी झावोइस्की यांना तांबं आणि मँगनीजच्या क्षारांत हा अनुनाद, म्हणजे रेझोनन्स, सापडला. पवईची आयआयटी १९५८ साली उभी राहिली तीही सोव्हिएत मदतीनं. केंद्रात बरीच वर्षं वापरात राहिलं ते यंत्र मात्र अमेरिकी ‘व्हेरियन’चं.

मुंबईला अनुनादाचं शास्त्र हे केंद्र निघण्याआधीच ठाऊक होतं. स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉख यांच्या प्रयोगशाळेत काम केलेले एस. एस. धर्मट्टी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी इथे अणुकेंद्रकांच्या अनुनादाचं काम उभं केलं. इथाइल अल्कोहोलचे तीन वेगळे संकेत दाखवणाऱ्या १९५१च्या गाजलेल्या निबंधाचे ते सहलेखक.

ईएसआर केंद्रक सोडून जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन शोधतं. नमुना चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवतात, त्यावर सुमारे ९.५ गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरी सोडतात आणि चुंबकीय क्षेत्र हळूहळू वाढवतात. मुक्त इलेक्ट्रॉन ३,४०० गाऊसच्या आसपास लहरी शोषतो. लहरींची वारंवारता आणि क्षेत्र यांच्या गुणोत्तरावरून निघणारा त्याचा ‘जी’ अंक २.००२३. स्फटिकात अडकलेल्या इलेक्ट्रॉनचा अंक शेजारच्या अणूंमुळे सरकतो. त्यावरून दोषाची जात ओळखायची.

झिंक ऑक्साइडनं इथेच चकवलं. मलमात असते तीच ही पांढरी पूड. तापवली की पिवळी पडते, निवली की पुन्हा पांढरी होते. तिच्या आलेखात १.९६ला एक रेघ हमखास दिसते. कित्येक निबंधांत तिच्यावर ‘ऑक्सिजनची रिकामी जागा’ असा शिक्का बसला. पण २००० साली ख्रिस व्हॅन द वॉले यांनी गणितानं दाखवलं, की स्फटिकात शिरलेला हायड्रोजनही इलेक्ट्रॉन पुरवू शकतो. दोनच वर्षांत जर्मन गटानं ईएसआर आणि त्याच्या भावंड-तंत्रानं त्याला पुष्टी दिली. आता ही रेघ उथळ दात्यांची, म्हणजे हायड्रोजनसारख्या सहज इलेक्ट्रॉन देणाऱ्या अणूंची मानतात. रिकाम्या जागेची रेघ १.९९च्या जवळ शोधतात. त्यामुळे जुने आलेख चुकीचे ठरले नाहीत, त्यांच्याखालची नावं मात्र पुन्हा तपासावी लागली.