एका सरोवराचा ताळेबंद : मिशिगन सरोवर आणि सॅमन

१/ १९६७ च्या उन्हाळ्यात शिकागोच्या किनाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडला होता. दुर्गंधीने किनारे ओस पडले. हा मासा होता एलवाइफ. हेरिंगच्या कुळातला, मूळचा अटलांटिक महासागरातला. मग तो मिशिगन सरोवरात आला कसा? 🧵

२/ नायगारा धबधबा ही वरच्या सरोवरांची नैसर्गिक तटबंदी होती. तिला वळसा घालणारा वेलँड कालवा १८२९ मध्ये जहाजांसाठी खुला झाला आणि कालांतराने समुद्री जीवांनाही वाट मिळाली. रक्तशोषक लॅम्प्री मिशिगन सरोवरात १९३६ मध्ये आढळला, एलवाइफ १९४९ मध्ये.

३/ लॅम्प्री आणि बेसुमार मासेमारी यांनी लेक ट्राउट हा तेथील प्रमुख शिकारी मासा संपवला. एलवाइफला रान मोकळे झाले.

४/ १९५८ पासून लॅम्प्रीवर रसायनाचा उपाय सुरू झाला होता. आता नवा शिकारी आणणे शक्य होते. मिशिगन राज्याचे मत्स्यविभाग प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी ओरेगॉनहून कोहो सॅमनची अंडी मिळवली. १९६६ मध्ये पिल्ले नद्यांत सोडली गेली. पुढच्या वर्षी चिनूक सॅमनही आला.

५/ प्रयोग कल्पनेपलीकडे यशस्वी झाला. एलवाइफवर सॅमन पोसला आणि सॅमनच्या गळमासेमारीवर किनाऱ्यावरची गावे पोसली गेली.

६/ पुढे जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून झेब्रा आणि क्वागा शिंपले आले. त्यांनी पाण्यातले सूक्ष्म प्लवक गाळून घेतले. एलवाइफचे अन्न घटले. शेजारच्या ह्युरॉन सरोवरात २००३-०४ च्या सुमारास एलवाइफ कोसळला आणि त्यापाठोपाठ चिनूकही.

७/ तो धडा समोर होता. सोडलेल्या पिल्लांखेरीज नद्यांत नैसर्गिकरीत्या जन्मणारे चिनूकही वाढले होते. खाणारी तोंडे अधिक, अन्न कमी. म्हणून २०१३ मध्ये मिशिगन सरोवरात चिनूक सोडण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आणले गेले. एलवाइफचा नायनाट करण्यासाठी आणलेल्या माशाच्या भल्यासाठी आता एलवाइफच जपायचा होता!

८/ आणखी एक गोष्ट. एलवाइफ खाणाऱ्या ट्राउटच्या शरीरात थायमिन या जीवनसत्त्वाची कमतरता निर्माण होते आणि त्यांची पिल्ले दगावतात. ह्युरॉनमध्ये एलवाइफ गेला, तेव्हा लेक ट्राउट आणि वॉलाय या मूळच्या माशांची नैसर्गिक पैदास पुन्हा बहरली. सॅमनवर जगणाऱ्या गावांनी ज्याला सर्वनाश म्हटले, तेच मूळ रहिवाशांचे पुनरागमन ठरले.

तेव्हा सरोवर ‘सुधारले’ की ‘बिघडले’, हे ठरवताना आपण कोणते वर्ष प्रमाण मानायचे : १८२९ की १९६६?